पेटीखालची फरशी

१० फेब्रुवारी ७८, शुक्र.

थंड पेटी पुन्हा रुसली. सकाळी पारा ११ वर. बर्फाच्या ताटलीत नुसतं पाणी.

आत सुजूच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या. डॉक्टरांचं म्हणणं, पारा दोन ते आठ. दोनच्या खाली गेला की औषध गोठून वाया, आठच्या वर फार दिवस राहिला की हळूहळू मरतं. आणि मेलेलं औषधही दिसायला तसंच, दुधी पाणी. वासावरून कळत नाही, रंगावरून कळत नाही. पोरीच्या अंगावरूनच कळतं. ही त्यातली खरी भीती.

सुजू नऊ वर्षांची असताना साखर निघाली, आता बारावं चालू. सकाळी उठून काचेची नळी: निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर बरं. नाहीतर हिरवं, पिवळं, विटकरी, या क्रमानं वाईट. मग तिची आई कमल सुई टोचते. आज: हिरवट.

पेटी रॉकेलवर चालते. खाली दिवा, वर गारवा. नौबादचे एक इंजिनिअर साहेब बदली झाल्यावर देऊन गेले, ती कडब्यात घालून बैलगाडीनं आणली. वय माहीत नाही. सुजूपेक्षा नक्की मोठी. गावात करंट आलाय, पण खांब चावडीपाशी थांबले. आमच्या गल्लीचा अर्ज तालुक्याला आहे, दोन वर्षं. म्हणून रॉकेल.

ज्योत पिवळी दिसते. उद्या वात बघणे.

११ फेब्रु., शनि.

अर्धी शाळा. दुपारभर पेटीशी. टाकी काढली, वात गोल कापली, मागच्या नळीतून काजळी ओढून काढली, ओंजळभर निघाली. रॉकेल फडक्यातून गाळलं तर खाली पाण्याचे थेंब.

कमल म्हणाली, "शिमग्याला महिना हाय अजून, आत्ताच तोंड काळं करून बसलाव व्हय?"

ज्योत निळी झाली. सुजूनं जुनाच प्रश्न विचारला, आग लावून गारवा कसा होतो. मी सहावीला विज्ञान शिकवतो, तरी सरळ उत्तर देता आलं नाही. पुस्तकात बघतो म्हणालो.

१४ फेब्रु.

पारा ८. नळी निळी. चला.

गंगाक्का नेहमीप्रमाणे उजाडायच्या आत आल्या. वरच्या गल्लीतल्या, मोठी बागायत, मुलगा बीदरला ठेकेदार. त्यांनाही साखर. डॉक्टरांनीच सांगितलं, गावात करंटचा भरवसा नाही, बाटली गुरुजींच्या पेटीत ठेवा. म्हणून दोन वर्षं त्यांची बाटली आमच्या वरच्या कप्प्यात आहे, सुजूच्या बाटल्यांशेजारी. येताना स्वतःचं पोतं आणतात, आमच्या ओट्यावर अंथरून त्यावर बसतात. कमल दंडात सुई टोचते. मग त्या घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करतात. हे गावाला माहीत आहे, आम्हालाही.

कमल म्हणते, "आंघोळ तर मानसाला रोजच करावी लागती. तिची सकाळी सकाळी व्हती, येवढंच."

आज सुजूनं विचारलं, "आप्पा, मला सुई टोचल्यावर मी कामून न्हाई न्हात?"

मी शाळेची घंटा झाली म्हणालो. झाली नव्हती.

२७ फेब्रु.

पारा १३. ज्योत निळी, काजळी नाही, रॉकेल गाळलेलं. तरी गार होत नाही. मागची नळी वर गरम लागते, खाली थंडगार. म्हणजे दिवा आपलं काम करतोय आणि पुढं काहीतरी अडलंय. माझी अक्कल इथं संपली. बीदरला निरोप धाडला.

५ मार्च, रवि.

खाजामियाँ आले. बीदरला थंड पेट्यांचं काम करणारा हा एकच माणूस. खटकचिंचोळीपर्यंत बस, पुढं भाड्याची सायकल. पेटीच्या पाठीला कान लावून बराच वेळ बसले. बाळंतिणीच्या पोटाला सुईण कान लावते तसे.

"गुरुजी, आग ठीक है. अंदर गॅस बैठ गया. इसकू सर के बल खडा करना पडता."

मी म्हणालो, काय?

"हौ. उलटा. एक दिन सर के बल, एक दिन सीधा, फिर बत्ती. घाई नक्को."

टाकी काढून शेजारच्या धोंडिबाला हाक मारली. चौघांनी मिळून पेटी डोक्यावर उभी केली. आतून गुडगुड आवाज आला. सुजू हसली, कितीतरी दिवसांनी.

तिनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांनी हात धुता धुता सांगितलं, "बेटा, ये थंडी बनाती नही. अंदर की गरमी उठाके पीछे फेकती. बस." पेटीच्या मागची भिंत कायम तापलेली असते आणि कमल तिथं सांडगे वाळवते, ते का, हे मला आज कळलं. मास्तरकी वाया गेली म्हणायची.

तोवर बाटल्या रांजणात, ओल्या वाळूत. पारा २३. दोन दिवस चालेल.

निघताना खाजामियाँ म्हणाले, "बार बार कायकू बैठता, वो देखो. बोदी, बूढी मशीन है, बार बार उलटी नही करते."

८ मार्च

काल दिवा लावला. सकाळी पारा ७! बर्फाच्या ताटलीला कड धरली. कमलनं दिव्याला हात जोडले. मी म्हणालो, आपण असलं काही करत नाही आता. ती म्हणाली, "देवाला न्हाई जोडले. मेहनतीला जोडले."

नळी निळी.

२६ मार्च, रवि.

गंगाक्का चार दिवस गाणगापूरला जाऊन आल्या. चार दिवस सुई नाही, दर्शन महत्त्वाचं. पाय सुजलेत. कमल रागावली; गंगाक्कांवर रागावणारी गावात ती एकटीच असेल.

प्रसादाचा पेढा आणला होता. सुजूच्या तळहातावर वरूनच सोडला. सुजू बघत राहिली. गंगाक्का म्हणाल्या, "मला बी चालंना, तुला बी चालंना. हातात तरी धर यवा, लेकी. वास घे."

दोघी हसल्या. म्हातारी वाईट नाही. हेच अवघड आहे. वाईट असती तर मी केव्हाच काहीतरी बोललो असतो.

९ एप्रिल, रवि.

काल पाडवा. गंगाक्कांच्या मुलानं टेम्पोतून करंटवरची नवी पेटी आणली. पांढरीशुभ्र, माणसाएवढी. हळदकुंकू वाहिलं, दारावर स्वस्तिक काढलं. सगळं गाव बघायला. आमच्या गल्लीतले रस्त्यावरून.

आज सकाळी त्या आपली बाटली घेऊन गेल्या. "आता तुमाला तरास न्हाई," म्हणाल्या. सुईसाठी मात्र येत राहतील. बाटली पितळी डबीत, ओल्या फडक्यात गुंडाळून आणतील.

सुजूनं वरच्या कप्प्यातली रिकामी जागा पुसून घेतली.

२० एप्रिल

पारा १४. पुन्हा तेच.

२४ एप्रिल

पारा १९. शाळेला सुटी, दिवसभर पेटीपुढं बसतो. वात कापली, मागची नळी साफ केली. ज्योत निळीशार. काय करू.

खाजामियाँकडे निरोप: लग्नसराईची कामं आहेत, तीन आठवडे येता येणार नाही. उलटी करून बघा.

बार बार उलटी नही करते, हेही तेच म्हणाले होते.

सुजूची नळी पिवळी.

२७ एप्रिल, गुरु.

नळी विटकरी.

सुजू रात्रीतून घागरभर पाणी प्यायली. सकाळी ओठ सुकलेले, उभी राहिली तर लटपटली. पहिल्या बसनं बीदर. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, ठेवली, म्हणाले, "गुरुजी, यात आता औषध उरलेलं नाही." तिथंच नव्या बाटलीतून सुई. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात बाकावर. सहा वाजता तिनं भाकरी मागितली आणि मला रडू आलं. बाहेर जाऊन रडलो.

तीन बाटल्या दिल्या, दीड महिन्याच्या. रांजणात आठ-पंधरा दिवस चालेल, सगळा उन्हाळा नाही, असं बजावून सांगितलं.

गावात थंड पेट्या दोन. एक माझी, मेलेली.

२९ एप्रिल

कमलनं सुई टोचता टोचता गंगाक्कांना विचारलं. मी आत उभा राहून ऐकत होतो. मला विचारता आलं नसतं.

"आक्का, पोरीच्या बाटल्या तुमच्या पेटीत ठेवताव का? पेटी नीट हुईस्तोवर."

पोतं सरकल्याचा आवाज आला. मग, "बगते. त्यात देवाचं दूध अस्तंय."

३० एप्रिल

उत्तर आलं. ठेवतील. झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात. सुजूनं आत यायचं नाही. मागच्या दारी गोठ्याकडून यायचं, मोलकरीण बाटली देईल, सुई भरून झाली की परत द्यायची.

मी नको म्हणालो. ओरडलोच. दोन वर्षं त्यांची बाटली आमच्या वरच्या कप्प्यात होती, आमच्या दुधाशेजारी.

कमल म्हणाली, "मला म्हाईत न्हाई का? रोज मी टोचते, तुमी न्हाई."

माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले. तेव्हा मी चौदा वर्षांचा. बाप म्हणाला होता, आता कुणाच्या मागच्या दारी जायचं नाही. आज तो असता तर काय म्हणाला असता? बहुतेक पोरीकडं बघितलं असतं.

रांजणात ठेवतो. वाळू दिवसातून चार वेळा ओली करायची. मी करेन.

३ मे, बुध.

रांजणात पारा ३४.

वाळू कोरडी होती. सकाळी ओली केली, मग पेटीची मागची जाळी खोलून बसलो, तीन तास कसे गेले कळलं नाही. कमल खळ्यावर. सुजू झोपलेली. चार वेळा मी करेन असं मीच म्हणालो होतो.

फोडलेली बाटली संशयात. टाकून दिली. खालच्या ओल्या थरातल्या दोन राहिल्या.

चार वाजता डबा घेऊन स्वतः गेलो. मागच्या दारानं. गंगाक्कांनी आतून बघितलं, मोलकरणीला खूण केली. मी "उपकार झाले" म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून निघाले. इथं लिहून ठेवतो, म्हणजे विसरता येणार नाही.

४ ते ८ मे

सुजू रोज उजाडता उजाडता जाते. सुई उकळून नेते, भरून आणते. गंगाक्का त्याच्या आधी इथं येऊन सुई टोचून घेऊन जातात. वाटेत एकमेकींना भेटतात म्हणे. सुजू रोज "आज्जी" म्हणते, त्या "व्हय यवा" म्हणतात.

नळी: हिरवी, हिरवी, निळी, निळी, निळी. औषध चांगलं आहे. एवढं खरं.

९ मे

सुजू आज उशिरा आली. मोलकरीण दूध काढत होती, थांबावं लागलं. विचारलं तर म्हणाली, "गव्हाणीवर ठेवतात बाटली. बैलानं जीभ लावली आज. मी पुसली."

 मी काही बोललो असतो तर बरं झालं असतं.

१२ मे, शुक्र.

आज सापडलं. आणि ज्याची लाज वाटावी असंच सापडलं.

सुजू पेटीवर पाण्याचं ताट ठेवून त्यात लाह्या सोडत बसली होती, पोरखेळ. म्हणाली, "आप्पा, लाह्या सगळ्या ह्याच कोपऱ्याला कामून जायल्यात?"

बघितलं. ताटात पाणी एका कडेला काठोकाठ, दुसऱ्या कडेला बोटभर कमी. पेटी तिरपी. पुढचा डावा पाय जमिनीत रुतलेला, चांगला दोन बोटं.

खाजामियाँ म्हणाले होतेच, बार बार कायकू बैठता. पेटी सपाट उभी नसली तर आतला द्रव वाहून फिरत नाही, एका जागी साचतो. आणि मी दर वर्षी सहावीला फळ्यावर लिहितो, पाणी आपली पातळी आपणच शोधतं. परीक्षेलाही विचारतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पाय का रुतला, तेही कळलं. घराची जमीन मातीची. कमल दर शनिवारी सारवते, मोरीकडून सुरुवात करते, पाणी त्या पायापाशी मुरतं. पाय खाली जातो, वरून नवा शेणकाला बसतो, खड्डा दिसत नाही. मी तीन महिने वात कापत होतो आणि पेटी माझ्या देखत जमिनीत चालली होती.

कमलचा दोष नाही. माझा. घर बांधताना शहाबादी फरशी एकच मिळाली होती, चित्तापूरच्या पाहुण्यांनी दिलेली. मी ती बुद्धाच्या तसबिरीखाली बसवली. घरातली सगळ्यात चांगली वस्तू तिथं, असं वाटलं. आणि तीन मणाची पेटी ठेवली मातीवर.

कमलला सांगितलं. ती म्हणाली, "बुद्धानं कवा फरशी मागितलीती तुमाला?"

१३ मे, शनि.

सकाळी तसबीर उतरवली. फरशी उचकटताना दोनदा थांबलो, हे खरं. बापानं देव सोडले आणि मी त्याजागी फरशी धरून बसलो होतो की काय. तसबीर खुंटीला टांगली. तशीच शांत दिसते.

धोंडिबा आणि दोघं आले. खड्डा खणून मुरूम ठोकला, वर फरशी बसवली. ताटात पाणी ठेवून चारही बाजूंनी बघितलं, सुजूनं केसाएवढाही फरक चालवून घेतला नाही. "आजून थोडं. आजून. हां."

मग टाकी काढून पेटी डोक्यावर उभी केली. दुसऱ्यांदा. आवाज मार्चपेक्षा बारीक आला. बोदी मशीन है.

सारवण आज झालं नाही.

१४ मे

सरळ केली. नुसती उभी. घाई नक्को.

१५ मे, सोम.

सकाळी दिवा लावला. संध्याकाळी पारा २६. काही नाही. कमल म्हणाली जेवून घ्या.

१६ मे

१५.

१७ मे

९. मग दुपारी ७. बर्फाच्या ताटलीला हात लावला, चिकटला! सुजूनं स्वतः वाचून सांगितलं, मी चष्मा शोधत होतो.

दोन दिवस टिकतो का बघू, मग बाटल्या आणू. तिला उद्याच आणायच्या आहेत. मी म्हणालो परवा.

१८ मे, गुरु.

दुपारी चारला वळीव. अर्धा तासच, पण वारा भयंकर. गंगाक्कांच्या मळ्यातले आंबे झोपले, चावडीपासचे तीन खांब आडवे. करंट गेला. वायरमन म्हणतो आठ-दहा दिवस.

पारा ६. आमचा दिवा विझला नाही.

१९ मे, शुक्र.

आज जे झालं ते नीट लिहितो.

गंगाक्का पहाटे येऊन सुई टोचून घेऊन गेल्या होत्या. पुन्हा आल्या अकरा वाजता, भर उन्हात, लोकांच्या देखत. पितळी डबीत त्यांची बाटली आणि सुजूच्या दोन, एकत्र. डबी आपल्या हातानं आणली होती. पोतंही आणलं होतं. ओट्यावर अंथरून बसल्या, दम लागला होता.

"पेटी बसली माझी," म्हणाल्या. "लोनी वितळलंय. ह्या ठिवून घे यवा."

सुजूनं डबी घेतली, आत गेली. तिन्ही बाटल्या वरच्या कप्प्यात ठेवल्या, मी बघितलं. डबी परत आणून दिली आणि उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली,

"आज्जी, तुमची बाटली वरच हाय. हलवायची न्हाई. पन आता ती बाहेर यायची न्हाई. सुई आत टोचायची, आईजवळ. चटई हाय. पोतं आनू नका."

आवाज चढवला नाही. हिशेबाचं उत्तर सांगते तशी म्हणाली.

गंगाक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणायला हवं होतं, पोर आहे, मनावर घेऊ नका, असं काहीतरी. तोंडापर्यंत आलं होतं. नाही म्हणालो. त्या बसून राहिल्या. ऊन ओट्यावर चढलं, त्यांच्या पायावर आलं. मग उठल्या, पोत्याची घडी केली, काखेत मारली आणि गेल्या. 

 जेवताना कमल म्हणाली, "म्हातारी हाय. उद्या न्हाई आली तर?"

मला दोन वर्षांत जमलं नाही ते हिनं केलं, याचा अभिमान वाटतो. आणि भीती वाटते. दोन्ही एकाच वेळी, कुठलं जास्त ते सांगता येत नाही.

२० मे

आल्या नाहीत. कमल पहाटेपासून ओट्यावर.

मी म्हणालो बाटली पोचती करतो. सुजू म्हणाली, "करंट न्हाई. तिथं उद्यापरवा खराब हुईल." खरं आहे. पण ती त्यासाठी म्हणाली नाही, हेही खरं. दिवसभर धुमसत होती, रात्रीचं जेवण धड जेवली नाही.

पारा ६.

२१ मे, रवि.

आजही नाहीत. मोलकरीण पाण्यावर भेटली कमलला. म्हणाली, आक्का पडूनच आहेत, पाणी पाणी करतात, तोंडाला फेस सुकतोय. मुलाला बीदरला निरोप गेलाय, वळवानं रस्ता मोडलाय, बस नाही.

सुजू चुलीपाशी बसून ऐकत होती. उठून पेटीपाशी गेली, दार उघडलं, बघितलं, लावलं. तीनदा असं केलं. सत्तावीस एप्रिलला तिनं स्वतः घागरभर पाणी प्यायलंय. पाणी पाणी म्हणजे काय, हे गावात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

रात्री जेवताना म्हणाली, "आप्पा, मी चुकले का?"

म्हणालो, नाही.

"मग आज्जी मरंल तर?"

 कमलनं तिला जवळ घेतलं.

२२ मे, सोम. बुद्धपौर्णिमा

सुजू साडेपाचला उठली. नळी: निळी. गंगाक्कांची सुई उकळली, वरच्या कप्प्यातून त्यांची बाटली काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली. पांढरं परकर-पोलकं घातलं, आजचं म्हणून काढून ठेवलेलं.

"आई, चल. मी पुढच्या दारानं जायलेय."

कमल म्हणाली, "आधी तुझी सुई घे. भाकर खा."

"न्हाई. आधी आज्जीची. मग माझी."

मी चप्पल घालायला लागलो. म्हणाली, "तुमी नका येऊ आप्पा. तुमी आलाव की भांडन व्हतंय." बरोबर आहे.

दोघी सहाला गेल्या.

मी घर सारवायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. पेटीची बाजू सोडून. धड जमलं नाही, बोटं उमटली. तसबीर अजून खुंटीलाच. पेटीवर पाण्याचं ताट आहेच, सुजू काढू देत नाही. पाणी चारही कडांना सारखं.

साडेसातला धोंडिबा आला. विहाराकडे चालला होता, हातात मेणबत्त्या. म्हणाला, "गुरुजी, तुमची सुजू वरच्या गल्लीत पुढच्या दारात हुबी हाय. वैनी बी हायत. दार लावलेलं हाय." मी विचारलं, लोक जमलेत का. म्हणाला, जमायलेत.

उठलो, पुन्हा बसलो. नका येऊ म्हणाली आहे.

आठ.

साडेआठ. सुजूनं अजून सुई घेतलेली नाही, पोटात काही नाही. तिची बाटली आत आहे. दार उघडून बघितली, उगाच गारवा जातो, लावलं.

नऊ वाजता धोंडिबा परत चालला होता. मी रस्त्यावर जाऊन थांबवला. आहेत का रे अजून तिथं?

"न्हाई," म्हणाला. "दारात कुनीच न्हाई आता."

दार उघडं होतं का लावलेलं?

त्यानं बघितलं नाही.

सव्वानऊ झालेत. वरची गल्ली इथून पाच मिनिटांवर, माघारी निघाल्या असत्या तर पोचल्या असत्या. भाकरी झाकून ठेवली आहे, सुजूची सुई उकळून तयार आहे. पारा ६.